मिराशी आणि उपरी : विंबल्डनच्या एका फुटबॉल संघाचें दशक

विंबल्डन हें नांव कानीं पडतांच आमच्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें टेनिसची हिरवळ, पांढरे शुभ्र पोषाख आणि शिस्तीनें बसलेला प्रेक्षकवर्ग उभा राहतो. लंडनच्या नैर्ऋत्येस वसलेल्या या उपनगराची दुसरीही एक क्रीडापरंपरा आहे, आणि ती टेनिसइतकी सोज्वळ नसली तरी इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारी आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ही परंपरा फुटबॉलची. तिचा सबंध इतिहास सांगण्याचा माझा उद्देश नाहीं. सन २००२ पासून सन २०१२ पर्यंतच्या दहा वर्षांत एका कनिष्ठ श्रेणीच्या संघानें दुसऱ्याच्या मैदानावर राहून जें केलें, आणि तें करीत असतां त्याच्या हातून न कळत जें घडलें, तेवढ्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, कीं मोठमोठ्या राज्यांचे इतिहास अद्यापि लिहावयाचे राहिले असतां चेंडू लाथाडणाऱ्या एका मंडळीचा इतिहास कशाला? आक्षेप बिनतोड दिसतो, पण तो टिकणारा नाहीं. ज्यानें मराठी दप्तरांतील वतनाच्या तंट्यांचे कागद चाळले असतील त्याला हें सांगावयास नको, कीं दोन पाटलांच्या भांडणांत जी समाजस्थिति दिसते ती पुष्कळदां मोठ्या लढाईच्या वृत्तांतांतही सांपडत नाहीं. जमीन कोणाची, मान कोणाचा, गांव म्हणजे केवळ शीव कीं त्या शिवेंतले लोक, परागंदा झालेला मनुष्य परत आला तर त्याचा हक्क उरतो कीं जातो, हे प्रश्न आमच्या पूर्वजांनीं गोतसभेपुढें पिढ्यान् पिढ्या लढविले. तेच प्रश्न एकविसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत एका फुटबॉलच्या मैदानावरून उभे राहिले, म्हणूनच हा विषय मला लिहिण्याजोगा वाटला.

जुन्या मराठी गांवांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. मिराशी म्हणजे वंशपरंपरेचा धनी. सारा भरीत असेतों त्याला कोणी उठवूं शकत नसे, आणि दुष्काळानें किंवा दंग्यानें तो देशोधडीस लागला तरी मागाहून परत येऊन तो आपली मिरास मागूं शके. उपरी म्हणजे बाहेरून आलेला. तो जमीन करी ती करारापुरती. करार सरला कीं त्याचा पाय निघे. हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील हकीगतींत त्यांचें काम पडणार आहे.

विंबल्डनच्या मूळ संघाचा जन्म सन १८८९ चा. ओल्ड सेंट्रल नांवाच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं तो काढला आणि विंबल्डन कॉमन या गांवच्या मोकळ्या माळावर ते खेळूं लागले. सन १९१२ मध्यें संघ प्लाउ लेन येथील मैदानावर आला. प्लाउ लेन म्हणजे आपल्या भाषेंत नांगरगल्ली. तेथें तो जवळजवळ ऐंशी वर्षें नांदला, आणि या काळांत एका उपनगराच्या हौशी मंडळीनें जी चढण चढली तिला इंग्लिश फुटबॉलमध्यें फारशी तोड नाहीं. सन १९६३ मध्यें हौशी संघांच्या राष्ट्रीय करंडकाच्या अंतिम सामन्यांत विंबल्डननें सटन युनायटेडला चार विरुद्ध दोन गोलांनीं हरविलें. चारही गोल एडी रेनल्ड्स या एकाच गड्यानें, आणि चारही डोक्यानें मारले. हें नांव पुढें पुन्हां एकदां येईल. सन १९७५ मध्यें, संघ फुटबॉल लीगच्या बाहेर असतां, त्यानें एफ. ए. कपाच्या स्पर्धेंत बर्नलीला तिच्याच मैदानावर नमविलें आणि त्या वेळच्या बलाढ्य लीड्सला गोलशून्य बरोबरींत रोखलें. लीड्सच्या लोरिमरची पेनल्टी डिकी गाय या गोलरक्षकानें अडविली. सन १९७७ मध्यें संघाला लीगमध्यें प्रवेश मिळाला. त्या काळीं हा प्रवेश मतदानानें मिळत असे, आणि एक संघ आंत आला कीं दुसरा बाहेर जाई. विंबल्डन आंत आलें तेव्हां वर्किंग्टन बाहेर गेलें. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करून ठेवतों; कारण विजयाच्या कथा सांगतांना बाहेर गेलेल्याचें नांव बहुधा गाळलें जातें.

पुढच्या नऊ वर्षांत संघ सर्वोच्च श्रेणींत पोंचला, आणि १४ मे १९८८ रोजीं वेम्ब्ली येथें लिव्हरपूलला एका गोलानें हरवून त्यानें एफ. ए. कप जिंकला. येथवर कथा चढणीची आहे. उतरण लागली ती मैदानापासून. सन १९८९ मध्यें शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे अनेक चाहते मृत्यु पावले. त्यानंतर झालेल्या चौकशीअंतीं न्यायमूर्ति टेलर यांनीं असा दंडक सुचविला, कीं वरच्या श्रेणींतील सर्व मैदानांवर प्रेक्षकांस बसावयास जागा असावी. प्लाउ लेन हें जुन्या घडणीचें, बहुतांशीं उभ्यानें पाहण्याचें मैदान. त्याची दुरुस्ती परवडणार नाहीं असें चालकांनीं ठरविलें, आणि सन १९९१ मध्यें संघ सेलहर्स्ट पार्क येथें क्रिस्टल पॅलेस या शेजारच्या संघाच्या मैदानावर भाड्यानें राहावयास गेला. जातांना हें बिऱ्हाड तात्पुरतें म्हणून गेला. प्रत्यक्षांत तो परत आला नाहीं. सन १९९८ मध्यें प्लाउ लेनची जागा किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीनें विकत घेतली. संघाची मालकीही त्याच सुमारास नॉर्वेमधील धनिकांकडे गेली. सन २००० च्या मे महिन्यांत, त्याच १४ तारखेस, संघ सर्वोच्च श्रेणींतून खालीं घसरला. करंडक जिंकल्याला त्या दिवशीं बरोबर एक तप झालें होतें.

सन २००१ च्या ऑगस्टमध्यें संघाच्या चालकांनीं जाहीर केलें, कीं संघ मिल्टन कीन्स येथें हलविण्यांत येईल. हें शहर विंबल्डनपासून सुमारें ५६ मैलांवर. सन १९६७ मध्यें सरकारी योजनेनें वसविण्यास घेतलेलें, रुंद रस्त्यांचें आणि नव्या वस्तीचें. तेथें मोठें क्रीडांगण बांधूं पाहणाऱ्या मंडळींना लीगमधील एक तयार संघ हवा होता; इकडे तोट्यांत बुडालेल्या मालकांना गिऱ्हाईक हवें होतें. लीगनें प्रथम नकार दिला. प्रकरण अपिलांत गेलें, आणि शेवटीं फुटबॉल असोसिएशननें नेमलेल्या तिघांच्या समितीपुढें आलें. २८ मे २००२ रोजीं त्या समितीनें दोन विरुद्ध एक अशा मतानें स्थलांतरास परवानगी दिली. चाहत्यांपैकीं कांहींजण स्वतःचा नवा संघ काढून तळापासून आरंभ करण्याची भाषा बोलत होते. तसें करणें फुटबॉलच्या व्यापक हिताचें होणार नाहीं, असाही अभिप्राय समितीनें निवाड्यांत नोंदवून ठेवला.

या निवाड्याचा विचार करतांना मला गोतसभेची आठवण होते. गोतसभेचे निवाडे नेहमीं न्याय्यच असत असें नव्हे. तेथेंही दडपण चाले. परंतु तिच्या बैठकींत पांढरीचे लोक असत. शीव कोठून जाते हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असे, आणि महजरावर त्यांच्या निशाण्या पडत. लंडनची समिति कायद्याच्या व खेळाच्या कारभाराच्या जाणकारांची होती. संघाजवळ पैसा नाहीं, मैदान नाहीं, आणि अशा स्थितींत तो विंबल्डनमध्यें जगणार नाहीं, हा तिचा हिशेब आंकड्यांच्या दृष्टीनें चुकीचा म्हणतां येत नाहीं. चूक निराळ्या ठिकाणीं होती. लीगमधील जागा ही खेळून मिळवावयाची वस्तु, ती विकत घेऊन दुसऱ्या गांवीं नेतां येते असें या निवाड्यानें ठरविलें. पाटिलकी विकत घेतां येईल. पण पांढरी उचलून नेतां येत नाहीं. मालकांनीं पाटिलकी नेली. पांढरी होती तेथेंच राहिली, आणि पुढें काय झालें तें या पांढरीचें काम.

निवाड्यानंतर दोनच दिवसांनीं विंबल्डनच्या समाजमंदिरांत चाहत्यांची सभा भरली. अपील करावें, निदर्शनें करावीं, असे अनेक विचार निघाले. त्या वेळीं क्रिस स्ट्यूअर्ट या गृहस्थानें साधी गोष्ट सांगितली, कीं आपल्याला आतां लढण्याचा कंटाळा आला आहे, आपल्याला नुसता फुटबॉल पाहावयाचा आहे. चळवळींच्या इतिहासांत आवेशाच्या भाषणांचें माहात्म्य फार वर्णिलें जातें. येथें एका थकलेल्या माणसाच्या उद्गारानें काम झालें. नवा संघ काढावयाचें ठरलें, स्ट्यूअर्ट त्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि २९ जून रोजीं विंबल्डन कॉमनवर गडी निवडण्यासाठीं चांचणी ठेवण्यांत आली. जो येईल त्यानें यावें अशी हांक होती. सुमारें २३० जण आले. जेथें सन १८८९ मध्यें शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं खेळास आरंभ केला तोच हा माळ. १० जुलै रोजीं सटन युनायटेडच्या मैदानावर नव्या संघाचा पहिला सामना झाला. संघ चार गोलांनीं हरला. पाहावयास ४,६५७ लोक आले होते, आणि पराभवाचें दुःख त्यांच्यांत फारसें कोणास झालेलें नव्हतें.

नांव ठरलें ए. एफ. सी. विंबल्डन. मालकी चाहत्यांच्या न्यासाकडे, आणि न्यासांत ज्याची वर्गणी भरलेली त्याला एक मत. कोणी अधिक पैसा दिला म्हणून त्याला अधिक मतें नाहींत. संघाचा एक धनी असला म्हणजे काय होतें तें या लोकांनीं पाहिलें होतें; म्हणून त्यांनीं धनीच ठेविला नाहीं.

नव्या संघाला जागा मिळाली ती कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्यें. इंग्लिश फुटबॉलची रचना जिन्यासारखी आहे. वरच्या चार पायऱ्या पूर्ण व्यावसायिक संघांच्या, आणि खालीं उपनगरांचे व खेड्यापाड्यांचे संघ. ही लीग आजच्या मोजणीनें नवव्या पायरीवरची. तेथील सामन्यांना एरव्हीं फार तर शे-दोनशें लोक जमावयाचे. सँडहर्स्ट येथें विंबल्डनचा पहिला लीगचा सामना झाला तेव्हां दोन हजारांहून अधिक आले. त्या वर्षीं नव्या संघाच्या घरच्या सामन्यांना सरासरीनें सुमारें तीन हजार माणसें हजर असत. मूळ संघ त्या वेळीं अद्यापि सेलहर्स्ट पार्कवर कितीतरी वरच्या श्रेणींत खेळत होता, आणि त्याच्या सामन्यांना येणारा समुदाय यापेक्षां लहान होता. निवाडा कागदावर मालकांच्या बाजूनें लागला होता. दर शनिवारीं तोच तंटा पायांनीं पुन्हां निकालांत निघत होता.

येथवरची कथा इंग्लंडांत अनेकवार सांगितली गेली आहे, आणि ती सांगतांना लोकांचा कंठ दाटून येतो तें योग्यच आहे. पण मैदान कोणाचें, या प्रश्नाकडे आतां वळलें पाहिजे. कारण संघ माणसांचा असला तरी माणसांना उभें राहावयाला भूमि लागते.

नव्या संघानें आसरा घेतला तो किंग्जमेडो या मैदानावर. विंबल्डनच्या पश्चिमेस कांहीं मैलांवर, किंग्स्टनच्या हद्दींत, नॉर्बिटन भागांत हें मैदान आहे. एका बाजूस बैठें प्रेक्षागार, इतर बाजूंस बहुतेक उभ्यानें पाहण्याच्या पायऱ्या, शेजारीं धांवण्याच्या शर्यतींचें क्रीडांगण. एकंदर पांच हजारांहून थोडी कमीच माणसें मावतील एवढें. किंग्जमेडो म्हणजे राजाचें कुरण. नांगरगल्लींतून उठलेला कुणबी अशा रीतीनें राजाच्या कुरणांत येऊन राहिला.

हें कुरण मोकळें नव्हतें. त्यावर किंग्स्टोनियन नांवाचा संघ नांदत होता, आणि तो विंबल्डनपेक्षांही जुना, सन १८८५ चा. रिचमंड रोडवरील आपलें जुनें मैदान त्यानें सन १९८८ मध्यें घरबांधणीसाठीं सोडलें, आणि पुढील सालीं किंग्जमेडो त्याच्याचसाठीं बांधून तयार झालें. सन १९९९ आणि सन २००० अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें लीगबाहेरील संघांचा मोठा करंडक, एफ. ए. ट्रॉफी, वेम्ब्लीवर जिंकला. ऐश्वर्याच्या या दिवसांतच त्याचा खर्च आवांक्याबाहेर गेला. सन २००१ मध्यें संघ वरच्या श्रेणींतून घसरला, कर्जानें वांकला, आणि कारभार व्यवस्थापकाच्या हातीं सोंपवावा लागला. या पडझडींत मैदानाचा दीर्घ मुदतीचा पट्टा त्याच्या हातून सुटून खाजगी मालकाकडे गेला. म्हणजे विंबल्डनचे लोक तेथें आले तेव्हां किंग्स्टोनियनची मिरास अगोदरच गहाळ झाली होती. आपल्याच घरांत तो भाडेकरू होता, आणि नवे आलेले पाहुणे भाडेकरूचे भाडेकरू.

सन २००३ मध्यें विंबल्डनच्या चाहत्यांनीं भाग विकून, वर्गण्या जमवून व कर्ज काढून हा पट्टा विकत घेतला. व्यवहार सुमारें २४ लक्ष पौंडांचा होता. ज्या संघाचें वय अवघें एक वर्ष, ज्याच्या विरुद्ध खेळणाऱ्यांकडे कित्येक ठिकाणीं धड प्रेक्षागारही नाहीं, त्यानें एवढी रक्कम उभी करावी ही सामान्य गोष्ट नव्हे. किंग्स्टोनियनला त्यांनीं बाहेर काढलें नाहीं; सवलतीच्या भाड्यानें त्याच मैदानावर राहूं दिलें. तरी इतिहासाच्या भाषेंत घडलें तें असें, कीं उपरी मिराशी झाला आणि मिराशी उपरी झाला. यांत कोणाची चोरी नाहीं, दगाबाजी नाहीं; ज्याच्याकडून पट्टा घेतला त्याचा तो कायद्यानें होता. पण कायद्यानें होता, एवढाच आधार २८ मे २००२ च्या निवाड्यालाही होता, हें विसरून चालणार नाहीं.

खेळाच्या बाजूनें पाहतां हीं वर्षें नुसत्या भरभराटीचीं. २००३-०४ च्या हंगामांत संघानें लीगचे ४६ सामने खेळले. ४२ जिंकले, ४ बरोबरींत सोडविले, एकही हरला नाहीं. फेब्रुवारी २००३ पासून डिसेंबर २००४ पर्यंत लीगच्या ओळीनें ७८ सामन्यांत त्याला कोणी हरवूं शकलें नाहीं. ही मालिका तोडली ती क्रे वाँडरर्स या संघानें. सन २००४ आणि २००५ मध्यें एकेक पायरी वर चढणें झालें. मग गति मंदावली. २००६-०७ मध्यें जर्मेन डार्लिंग्टन या गड्याला खेळविलें. तो पूर्वीं वेल्समधील कार्डिफकडे असल्यामुळें त्याची परराष्ट्रीय बदलीची परवानगी घ्यावयास हवी होती, ती राहून गेली. एका कागदाच्या अभावीं संघाचे १८ गुण कापण्यांत आले! अपिलांत ती शिक्षा ३ गुणांवर आली; पण त्या वर्षीं वर चढणें साधलें नाहीं तें नाहींच. सन २००८ मध्यें व सन २००९ मध्यें, टेरी ब्राउन व्यवस्थापक असतां, पुन्हां दोन पायऱ्या चढल्या, आणि संघ फुटबॉल लीगच्या उंबरठ्याशीं येऊन उभा राहिला.

इकडे मूळ संघाचें काय झालें? सन २००३ च्या जूनमध्यें तो कर्जानें बुडून व्यवस्थापकाच्या हातीं गेला, सप्टेंबरांत मिल्टन कीन्सला हलला, आणि पुढील सालीं त्यानें मिल्टन कीन्स डॉन्स असें नवें नांव घेतलें. सन १९८८ च्या करंडकाचा वारसा मात्र काहीं काळ तो आपला म्हणत राहिला. यावरून तंटा माजला. शेवटीं चाहत्यांच्या संघटनांत समेट झाला, आणि ऑगस्ट २००७ मध्यें जुन्या विजयांच्या खुणा विंबल्डन ज्या विभागांत येतें त्या मर्टनच्या नगरमंडळाकडे परत आल्या. करंडक कोणाचा? ज्यांनीं खेळून जिंकला त्यांचा, कीं ज्यांच्याकडे कंपनीचे कागद त्यांचा, कीं ज्या गांवांत त्या रात्रीं उत्सव झाला त्या गांवाचा? उत्तर तिसरें मिळालें. पांच वर्षांपूर्वींच्या निवाड्यानें जें नाकारलें होतें तें अशा आडवाटेनें मान्य झालें.

२१ मे २०११ रोजीं मँचेस्टर येथें लीगच्या प्रवेशासाठीं शेवटचा सामना झाला तो ल्यूटन टाउनशीं. दोन तासांच्या खेळांत गोल झाला नाहीं. पेनल्ट्यांवर विंबल्डन चार विरुद्ध तीन असें जिंकलें. सेब ब्राउन या गोलरक्षकानें दोन अडविल्या, आणि डॅनी केडवेल या कप्तानानें शेवटची मारली. माळावरील चांचणीपासून नवव्या हंगामांत पांच पायऱ्या चढून संघ लीगमध्यें आला. या विजयाच्या वर्णनांतून ल्यूटनचें दुःख बहुधा गाळलें जातें. तोही पीडितांचाच संघ होता. पूर्वींच्या चालकांच्या पैशाच्या गैरव्यवहारांबद्दल २००८-०९ च्या हंगामांत त्याचे ३० गुण कापले गेले, आणि चाहत्यांचा कांहीं अपराध नसतां तो लीगबाहेर फेंकला गेला. त्या सायंकाळीं मँचेस्टरांत दोन अन्यायग्रस्त समोरासमोर उभे होते, आणि दरवाजा एकालाच उघडणार होता.

दशकाचा शेवट डिसेंबर २०१२ च्या २ तारखेस झाला असें मी मानतों. एफ. ए. कपाच्या सोडतींत ए. एफ. सी. विंबल्डन आणि मिल्टन कीन्स डॉन्स यांची गांठ पडली. ज्या संघाचें अस्तित्वच आम्हीं मानीत नाहीं त्याच्या घरीं कसें जावें, असा पेंच कित्येक चाहत्यांस पडला. कांहीं गेले, कांहीं गेले नाहींत. एक-एक अशी बरोबरी झाली असतां, अगदीं शेवटच्या क्षणीं, यजमानांच्या ऑट्सेमोबरच्या टांचेला लागून चेंडू गोलांत गेला आणि विंबल्डन हरलें. नाटककारानें हा शेवट लिहिला असता तर तो बदलावयास सांगितला असता. पण इतिहास कोणाचें समाधान करावयास बांधलेला नाहीं. शिवाय त्या दिवशीं यजमानांच्या बाजूनें ओरडणाऱ्यांत दहाबारा वर्षांचीं मुलें असतील. त्यांचा जन्म त्या शहरांतला, त्यांना ठाऊक असलेला संघ तोच. त्यांच्यापुढें विंबल्डनच्या मिराशीचा दाखला काढून काय उपयोग? अन्यायानें लावलेल्या झाडालाही दहा वर्षांत पांखरें येतात, आणि पांखरांना दोष देतां येत नाहीं.

या दशकानें काय सिद्ध केलें? कायदेपंडित म्हणत, संघ म्हणजे नोंदलेली कंपनी आणि लीगमधील जागा. ही व्याख्या तर उघडच कोसळली; कंपनी गेली, जागा गेली, आणि संघ उरला. भावनाप्रधान लोक म्हणतात, संघ म्हणजे केवळ माणसें. मैदान असो वा नसो. हीही व्याख्या माझ्या मतें अपुरी आहे. माणसेंच पुरेशीं असतीं तर चाहत्यांनीं वर्ष लोटतें न लोटतें तोंच किंग्जमेडोसाठीं एवढें कर्ज कशाला काढलें असतें, आणि तें मिळाल्यावरही त्यांचें लक्ष नांगरगल्लीकडे कां लागून राहिलें असतें? प्लाउ लेनचें जुनें मैदान सन २००२ मध्यें पाडण्यांत आलें. त्या जागीं निवासी इमारती उठल्या, आणि त्या वसाहतीला नांव मिळालें रेनल्ड्स गेट. सन १९६३ मध्यें डोक्यानें चार गोल मारणाऱ्या त्याच रेनल्ड्सचें. ज्या भूमीवरून माणूस उठविला तिच्या फाटकावर त्याचें नांव कोरून ठेवावें, ही रीत सर्व देशांत आहे. पण नांवावर कोणाचें भागत नाहीं.

दशकानंतरची हकीगत थोडक्यांत सांगतों. कारण तिच्यावांचून दशकाचा अर्थ पुरा होत नाहीं. जुन्या प्लाउ लेनच्या अगदीं जवळ, जेथें कुत्र्यांच्या शर्यतींचें क्रीडांगण होतें त्या जागेवर, विंबल्डननें नवें मैदान बांधलें. पैसा कमी पडला तेव्हां बाहेरचा धनी घेण्याऐवजीं चाहत्यांनीं रोखे घेऊन पन्नास लक्ष पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं तेथें पहिला सामना डॉनकास्टर रोव्हर्सशीं झाला व तो दोन-दोन असा बरोबरींत सुटला. एकोणतीस वर्षांनीं परागंदा मिराशी आपल्या पांढरीवर परतला. आणि करोनाच्या सांथीमुळें प्रेक्षकांस बंदी असल्यानें तें पाहावयास मैदानांत त्याचे लोक नव्हते.

नव्या मैदानाच्या खर्चासाठीं किंग्जमेडो चेल्सी या धनाढ्य संघाला विकण्यांत आलें होतें. तेथें आतां चेल्सीच्या महिलांचा संघ खेळूं लागला, आणि महिलांच्या खेळाची त्यामुळें सोय झाली हें चांगलेंच. पण किंग्स्टोनियनला सन २०१७ मध्यें तें मैदान सोडावें लागलें. भरपाईदाखल त्याला रक्कम देण्याचें ठरलें. मैदान मिळालें नाहीं. ज्याच्यासाठीं तें कुरण राखलें गेलें तो प्रथम लेदरहेडला आणि मग टॉलवर्थला दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड करून राहिला. सन १९९१ मध्यें विंबल्डनवर जो प्रसंग आला होता तोच हा. फरक एवढाच, कीं या वेळीं विक्रीच्या कागदावर सही विंबल्डनची होती.

विंबल्डनच्या चाहत्यांस यावरून दोष देणें सोपें आहे. तें मी करणार नाहीं. मैदान विकल्यावांचून त्यांना घरीं जातां आलें नसतें, आणि त्यांच्यांतील पुष्कळांना किंग्स्टोनियनबद्दल मनापासून वाईट वाटलें असेल यांत मला शंका नाहीं. अन्याय सोसलेल्या माणसाला अन्याय लवकर ओळखूं येतो, इतकेंच; तो त्याच्या हातून घडणार नाहीं अशी हमी सोसण्यानें मिळत नाहीं. आमच्या जुन्या मिरासपत्रांत घेणाऱ्याच्या हक्कांबरोबर शेजाऱ्यांचीं, गोताचीं नांवें साक्षीस लिहिलेलीं असत. घर परत मिळविणाऱ्या या संघाच्या मिरासपत्रावर साक्षीदारांत पहिलें नांव किंग्स्टोनियनचें पडावयास हवें.